उघड्या दाराची एक लोकल राखून ठेवा

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई
मा. महाव्यवस्थापक, पश्चिम रेल्वे, चर्चगेट, मुंबई

विषय : सेवेतून निवृत्त होणाऱ्या उपनगरी गाडीचं एक पूर्ण युनिट संग्रहालयात जतन करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मुंबईच्या लोकलची दारं बंद होणार, हे आता नक्की झालं आहे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्यातली काही जिवानिशी गेली. त्यानंतर, यापुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या लोकलला आपोआप बंद होणारी दारं असतील, असं रेल्वेनं जाहीर केलं. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या (एमयूटीपी) दोन टप्प्यांतून २३८ वातानुकूलित गाड्या यायच्या आहेत. त्या जसजशा येतील तसतशा आजच्या गाड्या एकेक करून कारशेडमधून निघतील, आयुर्मान संपलं म्हणून कंडम ठरतील आणि भंगाराच्या लिलावात जातील.

या निर्णयाला माझा विरोध नाही. तो फार आधी व्हायला हवा होता असंच मी मानते. माझी मागणी एवढीच आहे की या गाड्यांपैकी एकीचं, निदान तीन डब्यांचं एक पूर्ण युनिट, आतल्या सगळ्या सामानासकट लिलावातून आधीच बाजूला काढा. आणि ज्यांनी तिच्यातून आयुष्यभर प्रवास केला त्यांना आत चढता येईल, बाकावर बसता येईल, दांडा धरून उभं राहता येईल अशा ठिकाणी ती ठेवा.

आत्ताच का, असं आपण विचाराल. कारण या शहरानं हा उशीर एकदा केलेला आहे. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ ला विजेची आली, १९२० मध्ये दुमजली आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि नव्वद वर्षांचा हा पसारा आवरला गेला. त्यानंतर अर्धं शतक उलटल्यावर बेस्टला सीएसएमटीसमोरच्या भाटिया बागेत लोकांना दाखवायला एक ट्राम हवी झाली, तेव्हा ती कोलकात्याहून आणावी लागली. कोलकात्याचे आभारच मानायला हवेत. पण तिच्यासमोर फोटो काढणाऱ्या मुलाला आपण जे दाखवतो आहोत ते त्याच्या आजोबांच्या वापरातलं नाही. त्या डब्यात दादरचा, परळचा, गिरगावचा माणूस कधी बसलेला नाही. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीत रस्त्याखालून ट्रामचे जुने रूळ वर आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती मोठी बातमी केली. लोकांना आस्था होतीच. ती जिथे टेकेल अशी वस्तू उरलेली नव्हती. १५ सप्टेंबर २०२३ ला जुन्या लाल दुमजली बसची शेवटची फेरी झाली, तेव्हा प्रवाशांनी हार-फुगे लावून तिला निरोप दिला आणि एक तरी गाडी जपा अशी मागणी केली, ती या जुन्या अनुभवातूनच.

रेल्वेचं जतनाकडे लक्ष नाही, असं मी म्हणणार नाही. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून उभं आहे. जीआयपी रेल्वेनं, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वसुरीनं, १९२० च्या दशकात घाटासाठी आणलेलं, ‘खेकडा’ म्हणून ओळखलं जाणारं विजेचं इंजिन तिथे बघायला मिळतं. सीएसएमटीच्या आवारात हेरिटेज गल्ली आहे, टर्मिनसच्या इमारतीला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे, भायखळा स्थानकाच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे. म्हणजे दगड, कमानी आणि इंजिनं आपण जपतो. इंजिन लांबून बघायलाही रुबाबदार दिसतं. चौथऱ्यावर उभं केलं, भोवती साखळी लावली, नाव लिहिलं की त्याचं दर्शन घडतं. लोकलच्या डब्याचं तसं नाही. तो बाहेरून बघून काहीच कळत नाही. लोकल ही आतून बघायची गोष्ट आहे, आणि म्हणूनच तिचं जतन अवघड आहे. एखाद्या चौकात मोटरमनच्या केबिनचा फक्त चेहरा कापून बसवला, त्यावर रोषणाई केली, तर ते लोकलचं जतन होणार नाही. कृपा करून तसं करू नका.

मग नेमकं काय वाचवायचं? माझ्या मते २००७ पासून आलेल्या, सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्यांपैकी एक. त्याचं कारण सांगते. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गानं देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. ती १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर. ५ जानेवारी १९२८ ला चर्चगेटच्या बाजूला, तेव्हाच्या बीबी अँड सीआय म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेवर, विजेच्या गाड्या आल्या. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मुंबई याच विजेवर धावली. डबे वाढले, गर्दी वाढली, तशी ती वीज पुरेनाशी झाली. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी प्रवाह जास्त. प्रवाह जास्त म्हणजे वरच्या तारा जाड, दर थोड्या अंतरावर उपकेंद्र, आणि एकामागोमाग एक गाड्या सुटल्या की व्होल्टेज घसरलंच. म्हणून २५ हजार व्होल्ट एसीकडे, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेकडे, जायचं ठरलं. पण रोज लाखो माणसं नेणारी सेवा एक दिवसही बंद ठेवता येणार नव्हती. काम टप्प्याटप्प्यानं झालं, पश्चिम मार्गावर २०१२ पर्यंत, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ पर्यंत, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल गेली. एक्क्याण्णव वर्षांचा डीसीचा अध्याय तिथे संपला.

ही मधली वर्षं निभावून नेली ती सीमेन्सच्या या गाड्यांसारख्या, दोन्ही विजांवर धावू शकणाऱ्या गाड्यांनी. एका वीजपद्धतीतून दुसरीत जाताना डब्यातले दिवे आणि पंखे काही क्षण बंद पडत. नवखा माणूस दचकून वर बघायचा, रोजच्यांचं बोलणं मात्र तसंच चालू राहायचं. ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडणारी यंत्रणाही याच गाड्यांबरोबर मोठ्या प्रमाणावर आली. डीसीच्या मुंबईचा शेवट आणि एसीच्या मुंबईची सुरुवात, दोन्ही एकाच गाडीच्या अंगावर लिहिलेलं आहे. पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी विचारेल की शहर बंद न ठेवता त्याची वीज कशी बदलली, तर त्याला या गाडीच्या छतावरचा, तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ आणि डब्याखालची पेटी दाखवून ते समजावता येईल. पुस्तकातल्या आकृतीनं ते तितकं कळणार नाही.

त्याहून जुनी, डीसीपासून एसीवर बदललेली एखादी पिवळी-किरमिजी गाडी अजून कुठल्या शेडमध्ये शाबूत असेल तर तिचा एक डबा जोडीला ठेवा. पण जुन्याच्या शोधात आजची हातातून घालवू नका.

आता आतलं. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण निर्णय झाला तरी नेमक्या याच गोष्टी जतनाच्या नावाखाली पुसल्या जातात.

दारातला मधला उभा दांडा. त्यावर जिथे हात पडतात तेवढाच पट्टा चकचकीत झालेला असतो. त्याला रंग लावू नका. ती झळाळी कुठल्याही कारागिराला नव्यानं आणता येणार नाही, ती लाखो तळहातांनी आणलेली आहे. वरची हँडलं, जी गाडी रिकामी असली की एका तालात हलतात. तिघांसाठी केलेलं बाक, आणि त्याच्या टोकाला चौथ्या सीटवर निम्मं अंग बाहेर ठेवून बसलेल्या माणसामुळे झिजलेली कड. पहिल्या वर्गाच्या दाराशेजारचे तिरके पट्टे. महिलांच्या डब्यावरचं डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र, जे पश्चिम रेल्वेनं पुढे बदललं आणि त्या जागी आजच्या नोकरदार बाईचं चित्र आणलं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्यामधल्या काळात या शहरातल्या बायकांच्या आयुष्यात काय झालं ते एखादा लांबलचक फलक वाचण्यापेक्षा लवकर समजेल.

महिलांच्या डब्याबद्दल थोडं जास्त बोलणार आहे. मी त्याच डब्यात वाढले. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सुटली, आणि २००० मध्ये मध्य रेल्वेची पहिली लेडीज स्पेशल सुरेखा यादव यांनी चालवली. हे दोन्ही सन्मानानं सांगायला हवं. पण या डब्याचा खरा इतिहास तारखांत मावत नाही. घरात जे बोलता येत नव्हतं ते बायका इथे बोलल्या. संक्रांतीनंतर इथे हळदीकुंकू झालं, तिळगूळ वाटला गेला, वाण लुटलं गेलं. पहिल्या पगारातून काय घ्यायचं, सासूशी कसं बोलायचं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, नवऱ्यानं हात उचलला तर काय करायचं, हे सल्ले डोंबिवली ते दादर या अंतरात दिले-घेतले गेले. कानातली, क्लिपा, रुमाल विकणाऱ्या बायकांचे संसार याच डब्यानं चालवले. महिलांच्या आणि शेजारच्या डब्यामधली ती जाळीसुद्धा तशीच राहू द्या. तिच्या अलीकडे बसताना किती निवांत वाटायचं हे पुढच्या मुलींना कळू द्या. आणि एवढ्या मोठ्या शहरात त्या निवांतपणासाठी जाळी लागत होती हेही कळू द्या.

मालडबा वगळू नका. संग्रहालयवाल्यांना तो सगळ्यात कमी देखणा वाटेल, आणि त्यात वासही असेल. पण डबेवाल्यांच्या लांबट पाट्या, कोळणींच्या टोपल्या, भाजीच्या गोण्या याच डब्यातून आल्या. मुंबईच्या पोटाचा इतिहास त्याच्याशिवाय सांगता येणार नाही.

आणि आवाज. सीमेन्सची गाडी सुटताना एक चढत जाणारा सूर काढते. डोळे मिटूनसुद्धा ती कुठली गाडी ते ओळखता येतं. जुन्या गाडीचा घरघराट वेगळा होता. भजनी मंडळांचे टाळ, डब्याच्या पत्र्यावर धरलेला ठेका, ‘पुढील स्टेशन’ सांगणारा आवाज, फलाटावर गाडी थांबायच्या आतच उठणारा ‘उतरा, उतरा’ असा गिल्ला. गाडी संग्रहालयात गेली की हे सगळं गप्प होईल. म्हणून गाडी धावते आहे तोवर चांगल्या यंत्रांनी ध्वनिमुद्रण करून घ्या. मोटरमन, गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात), कारशेडमधले फिटर आणि वायरमन, रात्री डबे धुणाऱ्या बायका यांच्या आठवणीही नोंदवून घ्या. गाडीखालच्या कुठल्या बोल्टला कुठला पाना लागतो आणि पावसाळ्यात कुठली मोटर आधी दगा देते, हे ज्ञान कुठल्या नियमपुस्तकात पूर्ण लिहिलेलं नाही. ते निवृत्त माणसांबरोबर जाईल.

आता सर्वांत अवघड भाग. संग्रहालयात ठेवलेली वस्तू आपोआप गोड वाटायला लागते. मला या गाडीच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही. या दारातून येणारा वारा ज्यांनी अंगावर घेतला त्यांना तो कधी विसरता येणार नाही, हे खरं आहे. पण याच दारातून माणसं पडली. पडून आणि रूळ ओलांडताना गाडीखाली येऊन मिळून वर्षाला तीन हजारांहून जास्त मृत्यू, अशी कित्येक वर्षं या शहरानं पाहिली. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं हे रेल्वेच्याच तांत्रिक भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणून नोंदवलेलं आहे. संग्रहालयातल्या डब्याच्या जमिनीवर एक चौरस मीटर आखा आणि भेट देणाऱ्या शाळेच्या मुलांना त्यात उभं राहायला सांगा. सोळाव्या मुलाला जागा होणार नाही. मग दाराजवळ त्या मृत्यूंची वर्षवार नोंद लावा. ११ जुलै २००६ ला पश्चिम मार्गावर पहिल्या वर्गाच्या डब्यांत झालेले सात स्फोट, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा भरलेल्या गाड्या, याही नोंदवा. टाळेबंदीत जून २०२० पासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्या माणसांना घेऊन धावलेल्या अर्ध्या रिकाम्या लोकल, आणि त्यातून रुग्णालयांत पोहोचलेल्या परिचारिका व सफाई कामगार, हेही त्याच भिंतीवर हवं. रेल्वेला हे लिहिणं जड जाईल याची मला कल्पना आहे. तरी ते रेल्वेनंच लिहावं. दारं का बंद झाली हे ज्या संग्रहालयात वाचायला मिळणार नाही, तिथे उघड्या दाराची गाडी ठेवून उपयोग नाही.

बाहेर हे कसं करतात याची उदाहरणं आपल्या अधिकाऱ्यांना माझ्याहून जास्त माहीत असतील. न्यूयॉर्कचं परिवहन संग्रहालय ब्रुकलिनमधल्या वापरातून गेलेल्या एका भुयारी स्थानकातच आहे. जुने डबे फलाटाला लागून उभे असतात आणि लोक आत जाऊन बसतात. तोक्योतली पहिली भुयारी गाडी डिसेंबर १९२७ मध्ये धावली. तिचा १००१ क्रमांकाचा डबा आज तिथल्या संग्रहालयात आहे आणि २०१७ मध्ये जपान सरकारनं त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा दिला. आपली कुर्ल्याची विजेची गाडी तोक्योच्या त्या गाडीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी वडील आहे.

जागेबद्दल माझा हट्ट नाही, अटी मात्र दोन आहेत. पहिली, छप्पर हवं. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि समुद्राची खारी हवा असलेल्या शहरात उघड्यावर ठेवलेला पोलादी डबा काही वर्षांतच गंजू लागतो. मग दर पावसाळ्यानंतर त्याला रंगाचा नवा थर बसतो आणि शेवटी उरतो तो नुसता रंग. दुसरी, तिथे लोकलनं जाता आलं पाहिजे. परळ किंवा माटुंग्याच्या कारखान्यातली एखादी शेड, लोअर परळची जागा, कुर्ल्याच्या कारशेडचा एखादा कोपरा, यांपैकी काहीही चालेल. या जमिनींचे भाव काय आहेत ते मुंबईत कुणाला सांगायला नको, म्हणूनच ही मागणी तीन डब्यांपुरती आहे. तिला साधारण साठ-बासष्ट मीटरचा रूळ, त्यावर छप्पर आणि एक फलाट लागतो. संग्रहालयाच्या फलाटाची उंची खऱ्या फलाटाइतकीच ठेवा, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला आत जाता येईल असा उतार करा. खऱ्या फलाटांवर त्यांना वर्षानुवर्षं जे मिळालं नाही ते निदान इथे मिळू दे.

हा पैसा सुरक्षेवर का खर्च करू नये, असं कुणी म्हणेल. ज्या घरातला माणूस या दारातून पडून गेला त्या घरानं हे विचारलं तर मी मान खाली घालून ऐकेन. तरीही माझं उत्तर हेच राहील की एका युनिटच्या भंगाराची किंमत सोडून दिल्यानं कुठल्याही नव्या गाडीचं दार थांबणार नाही. आणि ज्या शहराला आपली गर्दी आठवत नाही, ते शहर ती पुन्हा तयार होऊ देईल.

एक विनंती तातडीची आहे. निवृत्तीच्या वाटेवरच्या गाडीचे सुटे भाग काढून धावत्या गाड्यांना लावायची पद्धत आहे, आणि चालू सेवेसाठी ती योग्यही आहे. पण त्यामुळे शेवटच्या दिवशी हातात येतं ते रिकामं खोकं. मोटरमनच्या केबिनमधला कंट्रोलर गेलेला असतो, इंडिकेटर गेलेला असतो, पंखे गेलेले असतात. म्हणून युनिटचा क्रमांक आजच ठरवा, ती गाडी धावत असतानाच. कुठले भाग काढायचे नाहीत याची यादी शेडमध्ये लावा. २००७ च्या गाड्यांचं पंचवीस वर्षांचं आयुर्मान २०३२ मध्ये पूर्ण होतं. लिलावाची कागदपत्रं तयार झाल्यावर हे पत्र पुन्हा लिहून काही होणार नाही.

आम्ही प्रवासी काय देऊ शकतो, तेही सांगते. आमच्या डब्यातल्या बायकांकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हार-तोरणं लावून सजवलेल्या डब्यांचे फोटो आहेत, पुठ्ठ्याची जुनी तिकिटं आहेत, कूपनांची पुस्तकं आहेत, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेले पास आहेत. अशा वस्तू विरारपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत घराघरांत पडून आहेत. संग्रहालयाची जागा जाहीर झाली तर त्या आणून देण्याची आमची तयारी आहे, आणि शनिवार-रविवारी तिथे उभं राहून येणाऱ्यांना माहिती सांगण्याचीही.

येत्या ३ फेब्रुवारीला, विजेच्या पहिल्या गाडीच्या वर्धापनदिनी, आपण दोघांनी मिळून त्या युनिटचा क्रमांक जाहीर करावा, ही विनंती.

कळावे,

आपली,
मध्य रेल्वेची एक पासधारक
डोंबिवली